दोनशे चौदा कॅसेटी, एक घर आणि वन्सं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा टीव्ही व व्हीसीआर दुरुस्ती (आता नावापुरता), राहणार दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत, आज राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला आमच्या डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी न अडखळता दोनपर्यंत पोचले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. या घरात दडपण आणण्याचे काम आजवर बहुतेक वेळा मीच केले आहे.

हा मसुदा वाचून वकीलबाई म्हणाल्या, "काकू, मृत्युपत्रात कारणं द्यायची नसतात. कोणाला काय, एवढंच लिहा."

मी म्हटले, "कारणं नाही दिली तर लोक आपापली घालतात. त्यापेक्षा माझी बरी."

म्हणून कारणांसकट लिहिते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे जुने रद्द करण्याचा प्रश्न नाही.

कलम १. घर.

तळमजला, वरचा मजला, गच्ची आणि जिना असे हे घर आज माझ्या एकटीच्या नावावर आहे. सासऱ्यांनी ते थोरल्या मुलाच्या नावे केले, आणि सत्तावीस वर्षांपूर्वी माझे पती वारल्यावर ते माझ्याकडे आले. हे संपूर्ण घर माझ्या पश्चात वन्संना, म्हणजे माझ्या पतींच्या थोरल्या बहिणीला, पूर्ण मालकी हक्काने मिळावे.

वन्संचे वय चौऱ्याहत्तर. त्यांनी लग्न केले नाही. चौतीस वर्षे त्या हाडांच्या वॉर्डात सिस्टर होत्या आणि वरच्या मजल्यावर राहतात. तो मजला त्यांच्या पगारातून चढला. विटा त्यांच्या आणि कागद आमचे, असा प्रकार आहे. सासऱ्यांच्या मते मुलीच्या नावावर घर करणे म्हणजे परक्याच्या पत्त्यावर पत्र टाकणे. ते पत्र पन्नास वर्षे याच घरात राहिले, हे त्यांनी लक्षात घेतले नाही.

गेल्या हिवाळ्यात माझा पुतण्या, म्हणजे धाकट्या दिरांचा मुलगा, एका बिल्डरचे कागद घेऊन आला. मुलगा वाईट नाही. त्याला प्रत्येक गोष्टीचा निकाल लावायची घाई असते, इतकेच.

"काकू, सही केलीत की नवीन इमारतीत तुम्हाला दोन खोल्या. लिफ्टसकट."

"आणि आत्या?"

"आत्यांची काहीतरी सोय बघू ना. त्यांचं नाव कुठे आहे कागदावर?"

वन्सं तेव्हा भाजीची पिशवी घेऊन जिन्यात उभ्या होत्या. त्या तशाच वर गेल्या. मला वरून एकेक वस्तू फळीवर ठेवल्याचा आवाज येत राहिला, नेहमीपेक्षा सावकाश. मी सही केली नाही. पण पुतण्याला दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही, कारण हीच गोष्ट त्याच्या आधी मी बोलून बसले होते.

पती गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात वन्संनी मला सांगितले, "दुकान विकून टाक. तुला साधा फ्यूज बांधता येत नाही, तू काय दुकान चालवणार?" खरे म्हणजे मी बारा वर्षे गल्ल्यावर बसून नवऱ्याचे हात बघत होते आणि मला फ्यूजच काय, ट्यूनरही बांधता येत होता. पण ते सांगायचे सोडून मी म्हटले, "वन्सं, तुम्ही तुमचं बघा. या घरात तुम्ही पाहुण्या आहात."

त्यानंतर दोन वर्षे आम्ही एकमेकींशी बोललो नाही. जिन्याच्या कठड्याला चिठ्ठ्या चिकटवायचो. "नळ ठिबकतो आहे. वरून." "पाना दुकानात आहे. खालून." नवऱ्याचे वर्षश्राद्ध म्हणा, पुण्यतिथी म्हणा, तीसुद्धा आम्ही वर एक आणि खाली एक अशी पाळली. ते वाक्य मी अजून परत घेतलेले नाही. तोंडाने जमले नाही, म्हणून कागदावर घेते आहे.

घर वन्संचे झाल्यावर पुढे ते कोणाला द्यायचे हे त्यांनी ठरवावे. पुतण्याला हवे असल्यास त्याने आत्याशी गोड बोलायला आजपासून सुरुवात करावी. आत्या लवकर विरघळत नाहीत.

या कलमाची वन्संना कल्पना नाही.

कलम २. काळा व्हीसीआर.

हा मुळात माझा नाहीच. बोटीवर स्वयंपाक करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांचा आहे. अबोल्याच्या त्या दोन वर्षांच्या शेवटी त्यांनी तो दुरुस्तीला टाकला. आत कॅसेट अडकली होती. पुढच्या आठवड्यात नेतो म्हणाले आणि बोटीवर गेले.

बिघाड किरकोळ होता, आतला रबरी पट्टा सैल पडलेला. पट्टा बदलला आणि यंत्र चालते का बघायला तीच कॅसेट लावली. दुपारचे दोन वाजले होते, शटर निम्मे खाली होते. चित्र काळेपांढरे आले आणि वरून खाली लोळायला लागले. जपानी कॅसेटींची रंगांची पद्धत आपल्याकडच्या टीव्हीला कळत नाही. टीव्हीच्या मागून स्क्रूड्रायव्हर घालून मी ते लोळणे थांबवले आणि बघते तर काय, चार दोऱ्यांच्या चौकोनात दोन बायका एकमेकींना उचलून आपटत होत्या.

मी आयुष्यात बायकांना भांडताना पुष्कळ पाहिले होते. पण भांडण झाल्यावर हात जोडून वाकणाऱ्या बायका पाहिल्या नव्हत्या. एक थोराड, काळ्या कपड्यांतली, पुढे आमची थोरली. दुसरी बुटकी, पांढऱ्यात, डाव्या गुडघ्याला पट्टा. नियम भाषा न कळताही पाच मिनिटांत कळला. दोन्ही खांदे जमिनीला टेकले की पंच हाताने तीन मोजतो, तीनला हार. बुटकीने दोनला खांदा उचलला. पुन्हा आपटली. पुन्हा दोनला उचलला.

आपटण्याच्या त्या आवाजाने वन्सं खाली आल्या, हातात प्रथमोपचाराची पेटी. त्यांना वाटले मी शिडीवरून पडले. दारात उभ्या राहून त्यांनी आधी मला पाहिले, मग टीव्हीकडे पाहिले आणि दोन वर्षांतले पहिले वाक्य बोलल्या.

"त्या पांढरीचा डावा गुडघा गेलाय. आणि मूर्ख त्याच पायावर उड्या मारतेय."

मी म्हटले, "बसा."

गिऱ्हाइकांच्या स्टुलावर त्या बसल्या. चौथ्या वेळी बुटकीला खांदा उचलता आला नाही. पंचाने तीन मोजले. ती बराच वेळ पडून राहिली, मग कोणाचा हात न घेता उठली, थोरलीसमोर वाकली आणि लंगडत गेली.

वन्सं म्हणाल्या, "पुन्हा लाव."

मी पुन्हा लावली. त्या दिवसांत मीही रोज सकाळी तशीच उठत होते, हे मी तेव्हा त्यांना सांगितले नाही. त्यांनी कित्येक वर्षांनी मला सांगितले की त्यांचेही तसेच चालले होते. वॉर्डात चौतीस माणसांची उठबस करायची आणि घरी येऊन स्वतःच्या घराचा जिना परक्यासारखा चढायचा.

सात महिन्यांनी स्वयंपाकी परत आले.

"बाई, माझा व्हीसीआर?"

"तयार आहे. पण कॅसेट मिळणार नाही."

ते हसत सुटले. जपानच्या बंदरात या कुस्त्यांच्या कॅसेटी मिळतात, दर फेरीला आणून देतो, म्हणाले. त्या बदल्यात त्यांची सगळी यंत्रे मी जन्मभर फुकट दुरुस्त करायची. व्हीसीआरही इथेच राहू दे, म्हणाले, कारण त्या कॅसेटी नीट चालवणारे तेव्हा ते एकच यंत्र होते. पुढे त्यांच्याच ओळखीने रंग कळणारा टीव्ही मिळाला आणि पहिल्याच दिवशी आमच्यात भांडण झाले. आठ महिने जिला आम्ही पांढरी म्हणत होतो ती निघाली पिवळी. वन्संचे म्हणणे, नाव एकदा ठेवले की ठेवले. माझे म्हणणे, डोळ्यांसमोर पिवळे दिसत असताना पांढरे कसे म्हणायचे? दोन दिवसांनी त्यांनी माघार घेतली. तिचे खरे नाव आम्हाला नंतर कळले. ते लांबलचक आणि छान आहे. पण घरातल्या माणसाला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही.

सदर व्हीसीआर स्वयंपाकी गृहस्थांना परत द्यावा. ते आता मुलीकडे असतात आणि बोटीवर जात नाहीत. यंत्र चालू स्थितीत आहे. कॅसेटींसाठी आमच्याकडे आता दुसरे आहे. उशिराबद्दल क्षमस्व.

कलम ३. कॅसेटी व वही.

एकूण दोनशे चौदा कॅसेटी, क्रमांकाने लावलेल्या, तसेच दुखापतींची वही, हे सर्व वन्संना मिळावे. वही तर त्यांचीच आहे. वॉर्डातल्या तक्त्याप्रमाणे त्यांनी प्रत्येक पैलवानिणीचे एक पान केले आहे. नमुना: "थोरली. उजवा खांदा दोनदा निखळलेला. विश्रांती घेत नाही. सांगून उपयोग नाही." "वेणीवाली. मान वाईट पडली, कॅसेट ८८. पुढच्या कॅसेटीत दिसली नाही. काळजी." आणि चार महिन्यांनी त्याखाली, वेगळ्या शाईत: "आली."

रविवारी दोन ते चार दुकान बंद असायचे. पाटीवर "तांत्रिक कारणास्तव" असे लिहिलेले असे. गिऱ्हाईक शटर वाजवून वाजवून जायचे. कठड्यावरच्या चिठ्ठ्या बंद झाल्या नाहीत, त्यांचे विषय बदलले. "कॅसेट ४१ कुणी उलटी ठेवली? वरून."

पुतण्या एकदा आमच्यात येऊन बसला आणि म्हणाला, "काकू, हे सगळं आधी ठरलेलं असतं. कोण जिंकणार ते लिहून ठेवतात."

मी काही बोलायच्या आत वन्सं म्हणाल्या, "तुझं लग्नही ठरवूनच करणार आहेत. म्हणून काय संसार खोटा होणार आहे? निकाल ठरवता येतो रे. पडणं ठरवता येत नाही. पाठीवर पडलं की पाठीवरच पडलं. मी चौतीस खाटा सांभाळते, मला विचार."

आजही मला कोणी हा प्रश्न विचारला तर मी याहून चांगले उत्तर देऊ शकत नाही.

कलम ४. पुतण्याच्या लग्नाची कॅसेट.

ही पुतण्याला मिळावी, आणि त्याने ती शेवटपर्यंत पाहावी. शेवटपर्यंत, हा शब्द वकीलबाईंनी गाळू नये.

नऊ वर्षांत पिवळीने अजिंक्यपदाचा मोठा पट्टा एकदाच जिंकला. ती कॅसेट आमच्याकडे आली तेव्हा आम्ही तिला क्रमांक टाकण्याआधीच तीन वेळा पाहिली. वन्सं त्या दिवशी रडल्या. मी पण रडले, पण मी दुरुस्तीचा चष्मा लावून बसले होते म्हणून दिसले नाही. पुढच्याच आठवड्यात पुतण्याला त्याच्या लग्नाची एक प्रत काढायची होती. त्याने फळीवरची, बिनकागदाची कॅसेट कोरी समजून उचलली आणि पिवळीच्या विजयावर स्वतःचे लग्न भरले.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. कॅसेटीच्या मागची छोटी पट्टी तोडली की तिच्यावर दुसरे काही भरता येत नाही. गिऱ्हाइकांना मी हे शंभर वेळा सांगितले असेल. त्या कॅसेटीची पट्टी मी तोडली नव्हती. म्हणजे निम्मी चूक दुकानाची आहे. वन्सं त्याच्याशी चार महिने बोलल्या नाहीत आणि माझ्याशी चार दिवस. त्यांच्या हिशेबाने हे योग्य प्रमाण असावे.

मात्र लग्न कुस्तीपेक्षा थोडे आखूड निघाले. पाहुणे जेवून गेले, फोटोवाल्याने दिवा बंद केला, पडद्यावर मुंग्या आल्या, की शेवटची चाळीस सेकंदे पिवळी उभी दिसते. पंच तिचा हात वर करतो आणि तिला त्यावर विश्वास बसत नाही. पुतण्याने हा भाग कधी पाहिलेला नाही, कारण स्वतःचे लग्न कोणी शेवटपर्यंत पाहत नाही. त्याने सहकुटुंब पाहावा. त्याला माझी दुसरी काही शिक्षा नाही.

कलम ५. हत्यारे.

सोल्डरिंगची दोन यंत्रे, मीटर, भिंगाचा दिवा, स्क्रूड्रायव्हरांचा पूर्ण संच आणि सुट्या भागांचे चौसष्ट खण असलेले कपाट, हे समोरच्या दुकानदारास द्यावे.

वाचणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगते, की समोरचा दुकानदार माझा मित्र नाही. मी दुकान हातात घेतले तेव्हा तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "बाईच्या हातचा टाका टिकत नाही, महिन्याभरात सुटतो." त्या वर्षी त्याने हात टेकलेले अकरा टीव्ही माझ्याकडे आले आणि अकराही चालू होऊन गेले. ते मी त्याच्या दुकानावरून हातगाडीने नेले, जवळचा रस्ता असताना. त्यानंतर तो टाक्यांबद्दल बोलेनासा झाला.

पण आता या रस्त्यावर सगळी मोबाइलची दुकाने आहेत. पोरे स्क्रीन बदलतात, दुरुस्त काही करत नाहीत. या हत्यारांचा उपयोग कळणारा माणूस उरला आहे तो एकटाच. वैरी असला तरी कसबी आहे. भिंगाचा दिवा डावीकडे थोडा कलतो, त्याखाली कागदाची घडी ठेवावी लागते, एवढे त्याला सांगावे.

कलम ६. बँकेतील शिल्लक.

आकडे बँकेला ठाऊक आहेत. माझा दवाखान्याचा खर्च जाऊन जे उरेल ते वन्संच्या दोन्ही गुडघ्यांसाठी वापरावे. दुसऱ्यांचे गुडघे आयुष्यभर बघणाऱ्या बाईने स्वतःचे कुरकुरत ठेवले आहेत. शस्त्रक्रियेला त्यांनी नकार दिल्यास पैसे त्यांना देऊ नयेत, वकीलबाईंनी ठेवून घ्यावेत आणि दर महिन्याला त्यांना विचारत राहावे. त्या कंटाळून हो म्हणतील.

मोठा खर्च म्हणावा असा आम्ही एकदाच केला. वन्संच्या निवृत्तीच्या वर्षी स्वयंपाक्यांनी बातमी आणली की पिवळीही निवृत्त होते आहे. वन्संनी तीन दिवस वही उघडली नाही. चौथ्या दिवशी कठड्यावर चिठ्ठी: "पासपोर्टला फोटो किती लागतात? वरून." मी एकोणतीस इंची तीन टीव्ही आणि माझी स्कूटर विकली.

पिवळीच्या शेवटच्या सामन्याचे ते जपानातले सभागृह एखाद्या शाळेच्या हॉलएवढेच होते. मला वाटले होते केवढे असेल. टीव्हीत सगळे मोठे दिसते. तिथली पद्धत अशी की आवडती पैलवानीण आत आली की तिच्या रंगाच्या कागदी फिती फेकायच्या. एक टोक हातात धरून गुंडाळी फेकली की ती हवेत उलगडत जाते. मी आठवडाभर गच्चीवर सराव केला होता. ऐन वेळी टोक धरायचे विसरले. माझी अख्खी गुंडाळी दगडासारखी गेली आणि पंचाच्या कपाळाला लागली. पंच माझ्या दिशेने वाकला. मी वाकले. शेजारची बारा माणसे वाकली. वन्सं म्हणाल्या, "मी हिला ओळखत नाही," आणि स्वतःची फीत इतकी सुरेख फेकली की ती पिवळीच्या खांद्यावर जाऊन बसली.

पिवळी शेवटचा सामना हरली. थोरलीशीच. दोनला खांदा उचलला, पुन्हा दोनला, पुन्हा दोनला. सगळे सभागृह मोजत होते, आम्ही आमच्या भाषेत मोजत होतो. मग तीन झाले. थोरलीने तिला उठवले नाही. शेजारी बसून राहिली, ती स्वतः उठेपर्यंत.

सामना संपल्यावर पैलवानिणी एका टेबलामागे बसून फोटोंवर सह्या देतात. आम्ही रांगेत उभ्या राहिलो. आमची पाळी आली तेव्हा वन्संनी फोटो घेतला नाही. त्या टेबलाला वळसा घालून गेल्या, जमिनीवर बसल्या आणि पिवळीचा डावा गुडघा दोन्ही हातांत धरला. तिथले लोक पुढे झाले, पण पिवळीने हाताने त्यांना थांबवले. वन्संनी वाटीच्या कडेने बोटे फिरवली, जशी त्या वॉर्डात फिरवत. म्हणाल्या, "नऊ वर्षं बघतेय मी याला. पुरे आता, बाळ. आता बस."

पिवळी काहीतरी बोलली. चार-पाच शब्द, हळू आवाजात, वन्संच्या हातांवर हात ठेवून. आम्हाला जपानीतला एकही शब्द येत नाही. वन्सं म्हणतात ती म्हणाली, "दुखत नाही." मी म्हणते ती म्हणाली, "आलात, बरं झालं." सोळा वर्षे हा वाद चालू आहे. मध्यंतरी पुतण्याने मोबाइलमध्ये भाषांतर करून देतो म्हणून शब्द विचारले. आम्ही दोघींनी मिळून त्याला सांगितले की आठवत नाहीत. आठवतात.

परत येताना विमानात वन्सं खिडकीशी होत्या. पाहुणी हा शब्द मी तिथे परत घ्यायचे ठरवले होते, वाक्यही जुळवले होते. पण त्या माझ्या खांद्यावर डोके टाकून झोपल्या होत्या. मी साडेसात तास खांदा हलवला नाही.

कलम ७. माझ्यानंतर.

भाषणे करू नयेत. पुतण्याला तर मुळीच करू देऊ नये. जपानात पैलवानीण निवृत्त झाली किंवा वारली की रिंगणाची घंटा दहा वेळा वाजवतात आणि तेवढा वेळ सगळे उभे राहतात. दुकानाच्या गल्ल्यावर गिऱ्हाइकांनी वाजवायची घंटा आहे, ती चालेल. वन्संनी वाजवावी. घाई करू नये, दोन टोलांत एक श्वास जाऊ द्यावा. पिवळ्या फितींचा अर्धा खोका उरला आहे. तो बंदच ठेवावा, माझा नेम सगळ्यांना माहीत आहे.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम वकीलबाईंकडे सोपवते.

येथवर मजकूर मी मागच्या आठवड्यात लिहिला होता. आज मंगळवारी सकाळी सही करायला आम्ही दुकानात जमलो. वकीलबाई, डॉक्टरीणबाई आणि कोपऱ्यावरचे औषधवाले. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये असा कायदा आहे, म्हणून वन्संना बोलावले नव्हते. वकीलबाईंचा आवाज कोर्टात घडलेला आहे. त्या कलम पहिले वाचत होत्या आणि शेवटच्या ओळीला माझ्या लक्षात आले की वन्सं जिन्याच्या खालच्या पायरीवर उभ्या आहेत. किती वेळ, ते माहीत नाही.

त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "मला नको."

वकीलबाई म्हणाल्या, "आत्या, हे तुमच्याच भल्यासाठी—"

"तुम्ही थांबा जरा." मग माझ्याकडे वळल्या. "तू मेल्यावर मला घर मिळणार. म्हणजे मी काय तू मरायची वाट बघत बसू? नाव लावायचं असेल तर जिवंतपणी लाव. तुझ्या नावाशेजारी. दोघींचं."

मी म्हटले, "वन्सं, मी तेव्हा जे बोलले होते ना—"

"मला आठवतंय काय बोललीस. मीही फ्यूजबद्दल बोलले होते. ते सोड. लावणार आहेस का नाही?"

मी म्हटले, "लावते. वकीलबाई, बक्षीसपत्र करा. उद्याच जाऊ नोंदणीला. गुरुवारच्या आधी होऊन जाऊ दे."

"उद्या मी येणार नाही," वन्सं म्हणाल्या. "गुरुवारच्या आधी म्हणजे तू परत येणार नाहीस असं धरून चालायचं. मी एवढी वर्षं माणसं ऑपरेशनला पाठवली, एकालाही आदल्या दिवशी आवराआवर करू दिली नाही. तू बरी हो. मग जाऊ."

"आणि नाही झाले तर?"

औषधवाले खिडकीबाहेर बघू लागले. डॉक्टरीणबाईंनी विनाकारण माझी नाडी धरली.

शेवटी तोड वकीलबाईंनी काढली. कलम पहिले आहे तसे राहू द्यावे, म्हणजे गुरुवारी काही झाले तरी वन्संच्या डोक्यावरचे छप्पर हलणार नाही. आणि मी बरी झाले की बक्षीसपत्र करून निम्मे घर त्यांच्या नावे लावावे. वन्सं कबूल झाल्या, पण तारीख कागदावर हवी म्हणाल्या, नुसते "बरी झाल्यावर" चालणार नाही. डॉक्टरीणबाईंनी दिवस मोजून दिले. वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्रात असे कलम त्यांनी आजवर लिहिलेले नाही आणि कायद्यात त्याला काही किंमत नाही. वन्संनी त्यांना ते लिहायला लावले.

कलम ८. पुढील महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, घराच्या निम्म्या भागाच्या बक्षीसपत्राच्या नोंदणीसाठी मृत्युपत्र करणारीने निबंधकांच्या कार्यालयात स्वतः हजर राहावयाचे आहे. कोणतीही सबब चालणार नाही.

वरील आठही कलमे मला वाचून दाखवली. ती बरोबर आहेत. कलम आठ मला मान्य आहे, मी येईन.

मृत्युपत्र करणारीची सही

आमच्यासमक्ष सही झाली व आम्ही तिच्यासमक्ष सही केली:
१. डॉक्टरीणबाई, घरच्या वैद्य
२. औषधवाले, कोपऱ्यावरचे दुकान

स्थळ: राहते घर, तळमजला, दुकानाची खोली
दिनांक: सतरा, मंगळवार, सकाळी साडेअकरा